रजा आधीच विकलेली असते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आठवड्याला ७० तास काम करावे की ९०, यावर गेली काही वर्षे पुष्कळ शाई वाहिली. नारायण मूर्ती २०२३ मध्ये ७० म्हणाले, लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे विधान २०२५ च्या जानेवारीत गाजले, आणि दर वेळी आयटीतल्या तरुणांना त्यांचे मत विचारून झाले. चर्चेला हा विषय सोपा, कारण त्यात कोणालाच काही मोजावे लागत नाही. मोजण्याजोगी गोष्ट आहे ती रजा. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या पोर्टलवर एखाद्याच्या नावे तीस-पस्तीस दिवस शिल्लक दिसतात आणि तोच माणूस गौरी-गणपतीच्या तीन दिवसांसाठी मॅनेजरची मनधरणी करत असतो. असे का होते, याचे उत्तर लोक मॅनेजरच्या स्वभावात शोधतात. दोन तपांहून अधिक काळ या धंद्यात आणि त्यातला बराचसा माणसांच्या नियोजनात गेल्यावर मी सांगतो, उत्तर बहुतेक वेळा प्रकल्पाच्या एक्सेल शीटमध्ये असते.

हिशेब करून पाहा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले की उरले २६१. सणांच्या ८ सुट्ट्या वजा जाता २५३. कंपनी वर्षाला २० दिवस रजा देत असेल तर हाती राहिले २३३. पण कामाची किंमत ठरवताना, विशेषतः ठरावीक रकमेच्या कंत्राटात, सर्रास ‘महिन्याला २२ दिवस, दिवसाला ८ तास’ असे धरतात. बाविसाला बाराने गुणले की होतात २६४. वर्षात सोमवार ते शुक्रवारसुद्धा इतके नसतात! म्हणजे माणशी ३१ दिवस जास्तीचे विकले गेले. दहा जणांच्या टीममध्ये ते ३१० होतात, एका माणसाच्या अख्ख्या वर्षाच्या कामाहून जास्त. हे काम करणारा माणूस कुठेच नाही. मग ते रात्री जागून, शनिवारी लॉगिन करून आणि नाकारलेल्या रजांमधून भरून निघते. ऑगस्टमध्ये तुम्ही दिवाळीची रजा मागता, तेव्हा ती जानेवारीतच विकून झालेली असते.

तासांवर बिल होणाऱ्या कामात अडचण वेगळी. माणूस रजेवर गेला की त्या दिवसाचे बिल थांबते, आणि मॅनेजरला वर्षअखेरीला जाब विचारला जातो तो बिलाचा. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाला किमान २२५ बिल होणारे दिवस आणि बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, फार तर ३५ दिवस असे धोरण आणले, त्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. आकडा बरा की वाईट हे बाजूला ठेवू. वरच्या २३३ शी तो ताडून पाहावा. रजा पूर्ण घेतली तर त्या हिशेबाने प्रशिक्षण आणि दोन प्रकल्पांमधली फट यांना मिळून आठ दिवस उरतात. बाकीचे दिवस कुठून यायचे, हे टीममधल्या प्रत्येकाला न सांगता कळते.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये रजेचे स्वतंत्र कलम आहे. वर्षाला ८ नैमित्तिक रजा. त्या तिमाहीला दोन याप्रमाणे जमा होतात आणि वर्षअखेरीस संपतात. वर्षात २४० दिवस काम झाले असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसांत ठरवलेल्या आणखी चार अशा ८ पगारी सुट्ट्या; त्या दिवशी कामाला बोलावले तर दुप्पट वेतन आणि शिवाय बदली रजा. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली रजा दोन महिन्यांच्या आत. १ मे हा अमेरिकेत कामाचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी इथले कितीतरी लोक मुकाट्याने कॉलवर बसतात. दुप्पट वेतन मागितल्याचे मात्र क्वचितच कानावर येते. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली, तेव्हाही आरडाओरडा झाला तो तासांवरच.

याच कलमातला एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही साठलेली रजा नाकारली गेली, तर ४५ च्या वर जाणाऱ्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. पोर्टल मात्र ३१ डिसेंबरच्या किंवा ३१ मार्चच्या रात्री वरचे दिवस बिनबोभाट पुसून टाकते. म्हणून अर्ज पोर्टलवरच आणि पंधरा दिवस आधीच करावा. ‘मी बोललो होतो सरांशी’ किंवा चॅटवरचा अंगठा हा पुरावा नव्हे. नाकारायचे असेल तर त्यांनी पोर्टलवर नाकारू दे. तसा शेरा मिळवणे हेही काम झाले. कंपनीच्या स्क्रीनचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवण्याच्या भानगडीत पडू नये, त्यातून माहिती-सुरक्षेचे वेगळेच लचांड मागे लागते. पगारपत्रकावर रजेची शिल्लक छापून येत असेल तर ते पत्रक दरमहा उतरवून ठेवले की पुरे.

‘आम्ही कसले कामगार, आम्ही इंजिनिअर’ असे म्हणणाऱ्यांनी व्याख्या वाचावी. तीत तांत्रिक काम करणारा माणूस स्पष्ट येतो. वगळले आहेत ते गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदांवरचे लोक, आणि अशा पदांची यादी कंपनीने आपल्या संकेतस्थळावर लावायची असते. ती किती कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सापडते, हे वाचकांनीच शोधून पाहावे. तीन वर्षांच्या अनुभवाला ‘असोसिएट मॅनेजर’ ही पदवी वाटली जाते. हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, दिवसभर कोड लिहितो तो मॅनेजर कसला?

रजा साठवली की पैसे मिळतात, म्हणून ती न घेणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी एक उदाहरण. महिन्याचा ढोबळ पगार १,२०,००० आणि त्यात मूळ पगार ४८,००० धरा. रजा घेतली तर त्या दिवसाचे ४,००० रुपये पदरात पडतातच. तीच रजा नोकरी सोडताना विकली तर बहुतेक कंपन्या मूळ पगारावर हिशेब करतात, म्हणजे दिवसाला १,६००. साठवलेल्या ४५ दिवसांचे १,८०,००० ऐवजी ७२,००० होतात. उलट नोटीस कालावधी कमी पडला तर कापायचे पैसे पुष्कळदा ढोबळ पगारावर मोजतात. नियुक्तिपत्रातले हे दोन परिच्छेद शेजारी ठेवून वाचले तर सौदा कोणाच्या बाजूचा आहे ते दिसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये मूळ पगार, महागाई भत्ता वगैरे धरून वेतन एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी असू नये असा हिशेब आला आहे, त्याने हा फरक थोडा कमी होईल. कराचे म्हणाल तर नोकरीत असताना रजा विकली तर पूर्ण रक्कम करपात्र; नोकरी सोडताना मिळालेल्या रकमेला खासगी नोकरांसाठी आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत सूट मिळू शकते, ठरलेल्या सूत्रानुसार.

हे झाले हक्काचे. पण हक्क ठाऊक असूनही रजा मिळत नाही, कारण ‘तुझ्याशिवाय चालणार नाही’. या वाक्याने माणूस सुखावतो, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. बँकांत या वाक्याकडे संशयाने पाहतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या परिपत्रकानुसार संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचे असते, तेही आधी न कळवता, आणि त्या काळात कार्यालयीन ईमेल सोडून कामाशी संबंधित कशालाही त्याचा हात लागता कामा नये. हेतू दयेचा नाही. माणूस बाजूला झाल्याशिवाय त्याच्या टेबलाखाली काय दडले आहे ते कळत नाही, म्हणून. गंमत अशी की याच बँकांची सॉफ्टवेअर सांभाळणारा पुण्यातला माणूस तीन तीन वर्षे सलग आठवडाभर रजेवर जात नाही, आणि त्याचे कौतुक होते.

दहा दिवस एखाद्याला खरोखर दूर ठेवले तर काय काय मोडते, ते ठरलेले आहे. रात्री दोनला आपोआप चालणारे काम कोणीतरी सहा वर्षांपूर्वी घाईत स्वतःच्या आयडीवर लावलेले असते. नव्वद दिवसांनी पासवर्डची मुदत संपते, काम गुपचूप बंद पडते आणि सकाळी अहवाल रिकामा येतो. उपाय म्हणजे अशी सगळी कामे सेवा-खात्यावर, म्हणजे कोणा एका माणसाच्या नावे नसलेल्या खात्यावर, हलवणे, आणि काम ‘अयशस्वी झाले’ एवढ्याच सूचनेवर न थांबता ‘ठरल्या वेळी झालेच नाही’ अशीही सूचना लावणे. ही दुसरी सूचना जवळपास कोणी लावत नाही. क्लाउडच्या मुख्य खात्याचा ओटीपी एकाच मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल वेंगुर्ल्याच्या पुढे रेंजबाहेर असतो. ओटीपीऐवजी चालणाऱ्या दोन हार्डवेअर किल्ल्या नोंदवाव्यात, एक दुसऱ्या माणसाकडे, एक कार्यालयातल्या तिजोरीत. डोमेनच्या नूतनीकरणाचे ईमेल नोकरी सोडून गेलेल्याच्या पत्त्यावर जातात. ते गटाच्या पत्त्यावर वळवावेत. कोड तपासून मंजूर करण्याचा अधिकार एकट्याकडे असेल तर दुसरा मंजूर करणारा आजच नेमावा, रजेच्या आदल्या दिवशी नव्हे. आयटी विभागाकडून तो अधिकार मिळायलाच चार दिवस जातात.

सुरक्षा प्रमाणपत्रांचे प्रकरण तर आता गळ्याशी आले आहे. संकेतस्थळाची ओळख ब्राउझरला पटवणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्राची कमाल मुदत बरीच वर्षे ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये सीए/ब्राउझर फोरमने (प्रमाणपत्रे देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंचाने) ती टप्प्याटप्प्याने उतरवायचे ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७. जो माणूस हे काम वर्षातून एकदा हाताने करत होता, त्याला ते वर्षातून आठेक वेळा करावे लागेल, आणि आठ वेळा त्याची रजा आडवी येईल. नूतनीकरण आपोआप व्हावे अशी सोय करायला एका मध्यम प्रणालीला काही आठवडे लागतात. अवघड असते ते नवे प्रमाणपत्र मिळवणे नव्हे. जुन्या लोड बॅलन्सरवर (येणारी वर्दळ सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेवर) ते चढवणे आणि ज्या भागीदार कंपन्यांनी जुने प्रमाणपत्र आपल्या प्रणालीत घट्ट बसवून ठेवले आहे त्यांना शोधून काढणे, यात वेळ जातो. हे काम या वर्षीच्या आराखड्यात नसेल तर २०२९ च्या रजांचा आताच विचार करून ठेवावा.

ऑन-कॉलचे, म्हणजे प्रणाली बिघडली तर रात्री-बेरात्री फोन उचलण्याच्या पाळीचेही तसेच. तिघांत पाळी फिरत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे १७ आठवडे येतात. एक जण पंधरा दिवस गेला की उरलेले दोघे एक आड एक आठवडा उशाशी फोन घेऊन झोपतात, आणि म्हणून तिसऱ्याला जाऊच देत नाहीत. रजा नाकारणारे इथे मॅनेजर नसून सहकारी असतात. सहा जणांत वाट्याला नऊ आठवड्यांहून थोडे कमी येतात आणि एक जण गेल्याने फारसे बिघडत नाही. माझ्या मते पाचाच्या खाली पाळी लावूच नये. माणसे नसतील तर दोन जवळच्या प्रणाल्यांच्या पाळ्या एकत्र कराव्यात. त्यासाठी एकमेकांची प्रणाली शिकावी लागते, आणि त्याला लागणारे दिवस कोणाच्याच शीटमध्ये नसतात, हे पुन्हा आलेच.

यात घड्याळाची भर. न्यूयॉर्कची सकाळी नऊची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे सरकली की साडेसातला. कॅलिफोर्नियाच्या नऊची साडेनऊवरून साडेदहावर जाते. लंडनचे घड्याळ मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच बदलते. त्या मधल्या आठवड्यात, आणि मार्चमधल्या दोन-तीन आठवड्यांत, तीन देशांच्या बैठका एकमेकींवर चढतात. मुलांना शाळेतून आणणे, आईवडिलांचे डॉक्टर, सोसायटीची सभा अशा गोष्टींना या तासाभराच्या फरकाने हक्काची रजा लागते. तिकडचे कॅलेंडर वर्षभर आधी ठाऊक असते. मार्च आणि नोव्हेंबरसाठी बैठकांच्या वेळा जानेवारीतच ठरवून टाकायला कोणाची हरकत नसते, कोणीतरी सुचवले तर.

दिवाळीची कोंडीही अशीच आधी दिसणारी. अमेरिकेतल्या दुकानदारीच्या कंपन्या थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या तिकडच्या सणाच्या) आधी प्रणालीतले बदल गोठवतात, ते थेट जानेवारीपर्यंत. त्यामुळे जे काही द्यायचे ते गोठवण्याआधी, म्हणजे नेमके ऑक्टोबर-नोव्हेंबरात. २०२६ ची लक्ष्मीपूजा ८ नोव्हेंबरला आणि थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला, यात काय घडणार हे सांगायला ज्योतिषी नको. मग ‘डिसेंबरात घ्या ना हवी तेवढी’ असे उदारपणे सांगितले जाते. क्लायंटला आपले सण कळत नाहीत ही तक्रार फारशी खरी नाही. त्याला वेळेवर सांगितले जात नाही. कंत्राटाच्या जोडपत्रात सुट्ट्यांची यादी जाते, तीत दिवाळीचे चार दिवस आणि गणेश चतुर्थी तारखांसह घातली आणि त्या आठवड्यात रिलीज (नवे बदल प्रत्यक्ष चालू करणे) नाही असे एक वाक्य लिहिले, तर बहुतेक क्लायंट काही न बोलता सही करतात.

रजेवर जाताना द्यायच्या हँडओव्हरबद्दल थोडे. जाणारा माणूस शेवटच्या दुपारी बसून कागद लिहितो, त्याचा उपयोग नसतो, कारण त्याच्या अंगवळणी पडलेल्या पायऱ्या त्याला दिसतच नाहीत. कागद बदली माणसाने लिहावा. आठवडाभर आधी त्याने एक रिलीज स्वतः करायचा, मूळ माणसाने शेजारी गप्प बसायचे, आणि जिथे जिथे प्रश्न विचारावा लागला ते ते कागदावर उतरवायचे. दोन पाने पुरतात: कोणते काम किती वाजता चालते, नोंदी कुठे पाहायच्या, कोणत्या चुका रोजच्याच असून दुर्लक्ष करायचे, मागचे रूप परत कसे आणायचे, कशाला अजिबात हात लावायचा नाही, कोणाला उठवायचे. ‘दुर्लक्ष करायच्या चुका’ हा भाग नसेल तर नवा माणूस पहिल्याच रात्री तीनदा फोन करतो. महिनाअखेरचे काम असलेल्या प्रणालीत एकदा तरी मुद्दाम महिनाअखेरीला रजा घ्यावी. पाच तारखेच्या रजेने काहीच तपासले जात नाही.

आणि लॅपटॉप घरी ठेवावा. सोबत नेला की तो उघडला जातोच. नाइलाजाने उघडावा लागला आणि तास-दोन तास काम झाले, तर अर्ध्या दिवसाची रजा परत जमा करण्याचा अर्ज परत आल्या दिवशीच करावा. व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सोयीच्या, नोंदीत वेळ असतेच. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत आधीही मांडले होते आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडले. मांडले ते बरे झाले. पण ओटीपी एकाच फोनवर येत असेल तर कायदा होऊनही तो फोन वाजणारच.

हल्ली रजा न घेण्यामागे भीतीही आहे. आपल्याविना काम चालले तर आपण नकोसे ठरू, असे लोकांना वाटते, आणि एआयच्या बातम्यांनी ते वाढले आहे. कपातीच्या याद्या प्रकल्प, श्रेणी, पगार आणि कौशल्य यांवर बनतात. रजेचा रकाना त्यांत नसतो. वेळ आलीच तर राजीनामा मागितला जातो, कारण राजीनाम्याला कपातीची भरपाई, म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, द्यावी लागत नाही. राजीनामा मागतात त्या खोलीत लगेच सही करू नये, जे सांगायचे ते लेखी मागावे. ग्रॅच्युइटी शेवटच्या महिन्याच्या वेतनाच्या (मूळ पगार, महागाई भत्ता वगैरे धरून) २६ व्या हिश्शाला १५ ने आणि वर्षांनी गुणून निघते, सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. ‘४५ दिवसांत हिशेब’ असे तुमच्या नियुक्तिपत्रात अजून छापलेले असेल तर ते दाखवून विचारावे. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, कारण आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो.

कामगार विभागाला एक सुचवायचे आहे. आस्थापनांकडून वार्षिक विवरणपत्र घेतले जाते, त्यात आणखी दोन आकडे मागावेत: वर्षात पंधरा दिवस आधी आलेले किती रजाअर्ज नाकारले, आणि किती दिवस पोर्टलवरून आपोआप पुसले गेले. दोन्ही प्रत्येक कंपनीच्या एचआर प्रणालीत तयार आहेत. तो अहवाल काढायला माहीतगार माणसाला एक सकाळ पुरते, तो रजेवर नसेल तर.

आपला,
एक संगणक अभियंता,
औंध, पुणे